कोरड्या धबधब्यासमोरचा फोटो

अण्णा,

आनेकलच्या पलीकडे आपली ती दरी आहे ना, तिथे आता सिमेंटच्या पायऱ्या झाल्या आहेत. लोखंडी कठडा आहे, वर तोंडाशी गाड्या लावायला जागा आहे, कणसं भाजणारे आहेत, आणि बायकांसाठी एक निळं रंगवलेलं स्वच्छतागृह आहे, त्याला कुलूप असतं. किल्ली कुणाकडे असते ते कुणालाच ठाऊक नाही. मी चौकशी केली, चांगली खडसावून केली, तरी नाही. माणसं येतात, धबधब्याकडे पाठ करून उभी राहतात, फोन वर धरतात, हसतात, हसू नीट आलं का ते बघतात आणि चढून निघून जातात. पाण्याकडे तोंड करून उभं राहिलेलं एकही माणूस मला दिसलं नाही. तुम्ही असतात तर काहीच बोलला नसतात. तुमचं न बोलणं मला चांगलं माहीत आहे. त्याच्याबद्दलच मला बोलायचं आहे, आणि आता तुम्ही मध्येच उठून ‘प्लेटी धुवायच्या राहिल्यात’ म्हणून फोटो धुवायच्या काळोख्या खोलीत शिरणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

चिकपेटेतला आपला स्टुडिओ मला अजून पायांनी आठवतो. लाकडी जिना, वर गेलं की काचेच्या कौलांतून पडणारा पांढरा उजेड, सरसाचा वास, आणि समोरच्या भिंतीवर तुम्ही स्वतः रंगवलेला तो धबधब्याचा पडदा. शाळेतून आले की मी त्याच्यासमोरच्या नक्षीच्या खुर्चीत बसून अभ्यास करायची आणि गिऱ्हाईक आलं की उठायची. तुम्ही कॉन्व्हेंटातल्या नन्सचा दर वर्षीचा ग्रुप फोटो काढायला कंटोन्मेंटात जायचात, आणि त्याच ओळखीवर मला तिथे घातलंत. आई म्हणाली होती, ‘मुलगी इंग्रजी बोलायला लागली की आपलं कुणाचं ऐकणार नाही.’ तिचं खरं झालं, फक्त त्यात इंग्रजीचा काही दोष नव्हता. तर तो पडदा. फोटो काळेपांढरे, म्हणून तुम्ही पडद्याला रंग कधी वापरलाच नाहीत. काजळी आणि पांढरी माती एवढ्यावर अख्खं जंगल उभं केलं होतंत. राखाडी झाडं, राखाडी दगड, मधोमध पांढरं पाणी. धबधबा राखाडीच असतो अशी माझी समजूत होती.

म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत तुम्ही मला पहिल्यांदा तिथे नेलंत तेव्हा मी वाटेतच अडखळले. मी दहा-अकरा वर्षांची असेन. कलासिपाळ्यातून आनेकलची बस, तिथून चालत, तुमच्या पाठीवर कॅमेरा, माझ्या हातात त्याचं तिकाटणं आणि छत्री, पिशवीत आईनं दिलेलं चित्रान्न. आपल्या गावाला खरा पाऊस दसऱ्याच्या आसपासच येतो, त्यामुळे दरीत उतरण्याआधीच आवाज कानावर यायला लागतो. आपण वळण घेतो, आणि समोर सगळं हिरवं. इतकं हिरवं की मला ते खोटं वाटतं. मी म्हणते, ‘अण्णा, तुम्ही चुकीचा काढलाय.’ तुम्ही हसता. ‘सरी, बरं. पण आता स्वल्प वेळ तोंड बंद ठेव, पुट्टी. नुसतं बघ.’ मग काळ्या फडक्यात डोकं घालता, आणि मी कॅमेऱ्यावर छत्री धरून उभी राहते. तुषारांनी माझा फ्रॉक पुढून भिजतो, पाठ कोरडीच राहते. हात भरून येतो. तरी मी हलत नाही, कारण तुम्ही या कामासाठी मला आणलंय, भावाला नाही. भावाला चालायचा कंटाळा होता हे खरं कारण होतं, पण ते मला बरंच नंतर कळलं.

त्यानंतर उन्हाळा सोडून दर ऋतूला आपण गेलो. दुसरे फोटोवाले एकदा पडदा रंगवून घेत आणि तो फाटेपर्यंत वापरत. तुमचं तसं नव्हतं. थंडीत, पुष्य महिन्यात, अवरेच्या शेंगांच्या राशी बाजारात येत, त्या दिवसांत दरीत दुपारपर्यंत धुकं असायचं आणि पाणी दोन-तीन धारांवर आलेलं असायचं. मग घरी येऊन तुम्ही पडद्यावरचं पाणीही तेवढंच ठेवायचात, वरून काजळी फिरवून. शिवरात्रीनंतर एकच धार. होंगेच्या झाडांना फुलं आली की ती खालच्या डबक्यात तरंगायची, तीही तुम्ही ठिपक्यांनी दाखवायचात, आणि फोटोत ती डाग पडल्यासारखी दिसायची. गिऱ्हाइकं वैतागायची. एकदा मुलीचा फोटो काढायला आलेली अव्हेन्यू रोडची एक बाई पडद्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती. बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

‘अण्णा, पाणी कुठे गेलं?’

‘पुष्य चाललाय, अक्का. तिथं सध्या एवढंच आहे.’

‘तिथलं घेऊन मी काय करू? माझी मुलगी तिथं नांदायला चालली आहे का?’

आपल्या लोकांत तेव्हा ते होतंच. सोयरीक जुळवायला मुलीचा फोटो पाठवायचा तर मागे पाणी भरभरून वाहतं हवं, म्हणजे तिच्या पावलानं घर भरेल. कुणी सुरू केलं देव जाणे. आपल्याच पडद्यावरून सुरू झालं असेल. आईनं तुम्हाला चांगलं सुनावलं. ‘गिऱ्हाईक हाकलायला कुत्रं पाळायची गरज नाही आपल्याला. तुमचा खरेपणा आहे ना.’ शेवटी तुम्ही दुसरा पडदा रंगवलात, आश्विनातला, दुथडी भरलेला, आणि तो कायमचा तसाच ठेवलात. लग्नाच्या मुलींसाठी तो उलगडायचा आणि बाकीच्यांसाठी ऋतूचा. दोन्ही बांबूंवर गुंडाळून शेजारी शेजारी टांगलेले असत. दोऱ्या वेगळ्या. पुढे जे झालं त्यासाठी हे लक्षात ठेवणं भाग आहे, आणि मी ठेवलं आहे.

शाळेत सिस्टरनं एकदा सहलीवर निबंध लिहायला सांगितला. मी आपला धबधबा लिहिला, चारी ऋतूंचा. उन्हाळ्यात तो पूर्ण आटतो असं तुम्ही सांगितलं होतंत, तेही लिहिलं. सिस्टर आयर्लंडची. तिनं वर्गापुढे वाचून दाखवलं आणि म्हणाली, ‘पाणी नाही तर तो धबधबा नव्हे, मुली. तो नुसता कडा.’ सगळ्या हसल्या. मी उभी राहून म्हणाले की सिस्टर, सुट्टीत तुम्ही शिकवत नाही म्हणून तुम्ही टीचर नसता असं होत नाही. त्या दिवशी मला जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली उभं केलं. घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही ब्रश धुवत होतात. तुम्ही म्हणालात, ‘बोललीस ते बरोबर. बोलायला नको होतंस.’ माझ्याशी तुम्ही केलेल्या लांबलचक संभाषणांपैकी हे एक.

मी मोठी झाले तशी आईची कुरकुर वाढली. वयात आलेल्या मुलीनं रानात हिंडायचं काय आहे. तुम्ही दर वेळी एकच उत्तर द्यायचात, ‘मग छत्री कोण धरेल?’ आईनं एकदा चिडून म्हटलं, ‘उन्हाळ्यात कसली छत्री?’ आणि उन्हाळ्यात तुम्ही आधीसारखेच एकटे जात राहिलात. कोरडा धबधबा मी मोठी होईपर्यंत पाहिला नव्हता. फक्त पडद्यावर पाहिला होता.

मी बी.ए. झाले, टेलिफोनच्या ऑफिसात लागले आणि त्याच उन्हाळ्यात आत्यानं हुबळीचं स्थळ आणलं. मुलगा रेल्वेत, उंच, एकुलता एक, मुलीनं नोकरी सोडावी एवढीच अट. त्याचा फोटो आमच्याकडे आधी आला. घरात सगळ्यांनी पाहिला, आईनं देवापुढे ठेवला, तुम्ही हातात धरून ‘लाइट बरा आहे’ म्हणालात. माझ्याकडे कुणी काही विचारलं नाही. आत्या आठवड्यानं हुबळीला परत जाणार होती, तिच्याबरोबर माझा फोटो जायचा होता. आणि मध्येच एका सकाळी तुम्ही चपला घालता घालता मला म्हणालात, ‘येतेस का? आता कदाचित पुन्हा जमायचं नाही.’ आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘वैशाखात? दगड बघायला?’ तुम्ही पिशवी उचललीत.

तो दिवस मी कितीदा तरी परत जगले आहे. दरी तपकिरी झालेली, पानं पायाखाली मोडत होती, कुठे आवाज म्हणून नाही. वळण घेतलं आणि समोर तो कडा, उघडा. मी इतकी वर्षं येत होते आणि तो केवढा आहे हे मला कळलंच नव्हतं. पाण्यानं झाकलेला असायचा. दगडावर पाण्यानं वरपासून खालपर्यंत काढलेल्या काळ्या रेघा. आश्विनात जिथे पाय ठेवला तर माणूस वाहून जाईल त्या दगडावर आपण बसलो. तो मऊ होता, हात फिरवावासा वाटेल असा. खाली वाळूत खड्डा खणून एक म्हातारी वाटीनं पाणी काढून घागरीत भरत होती. तिनं विचारलं, ‘काय बघायला आलात?’ तुम्ही कन्नडमध्ये म्हणालात, ‘हेच.’ ती म्हणाली, ‘बघा बघा,’ आणि आपल्याकडे कीव केल्यासारखी बघून घागर उचलून गेली. आपण दहीभात खाल्ला. तुम्ही पेन्सिलीनं रेघा काढत होतात. मी म्हणाले, ‘अण्णा, मला हाच सगळ्यात आवडला.’ तुम्ही मान वर केलीत, माझ्याकडे बघितलंत, मग कड्याकडे. ‘का?’ हे तुम्ही मला विचारलेल्या फार थोड्या प्रश्नांपैकी. मी म्हणाले, ‘आता तो कुणासाठी काही करत नाहीये.’ तुम्ही पुन्हा रेघा काढायला लागलात. परत येताना आपण काहीच बोललो नाही, आणि मला ते नेहमीसारखंच वाटलं.

दोन दिवसांनी फोटो. आईची जांभळी इरकल मला नेसवली, आत्यानं अंबाड्यावर मोगरा माळला. आई आणि आत्या खाली दुकानदारणीशी बोलत राहिल्या आणि मी वर आले. तुम्ही दिवे लावले होते. मी निऱ्या सांभाळत, खाली बघतच जाऊन पडद्याकडे पाठ करून उभी राहिले. मुलगी तशीच उभी राहते, मागे काय आहे ते तिनं बघायचं नसतं. ‘हनुवटी खाली. स्वल्प. हां.’ काळ्या फडक्यात गेलात आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहिलात. बाहेर आलात तेव्हा डोळे पुसलेत, घामाचे की कशाचे मला माहीत नाही. त्या दिव्यांखाली उकडायचंच. फोटो धुऊन, सुकवून, पुठ्ठ्यावर लावून, वर पातळ कागद घालून पाकिटात बंद करून तुम्हीच आत्याच्या हातात दिलात. आत्यानं तो गाडीतही उघडला नाही, डाग पडेल म्हणून.

हुबळीहून तो पंधरवड्यात परत आला. मुलीत खोट काढण्यासारखं काही नाही, पण वाळलेल्या पाण्यापुढे उभी केलेली मुलगी आमच्या आईच्या मनाला येत नाही, असा मुलाकडून निरोप. आईनं पाकीट फोडलं आणि फोटो माझ्यापुढे टाकला. मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझा चेहरा, आईची इरकल, आणि मागे तो कडा, काळ्या रेघांसकट. आई तुम्हाला म्हणाली, ‘सगळ्या गावच्या पोरींना तुम्ही भरलेलं पाणी दिलंत. आणि स्वतःच्या?’ तुम्ही म्हणालात, ‘उन्हाळ्याचा लावलेला होता. बदलायचा विसरलो.’ तुम्ही कधी काही विसरला नव्हतात, अण्णा. एकदा फोटो काढलेल्या माणसाचा चेहरा तुम्ही वर्षांनीसुद्धा विसरत नव्हतात. आणि त्या वर्षीचा उन्हाळ्याचा पडदा आपण तिथून परत आल्यावर तुम्ही रंगवलेला होता. फोटोच्या दिवशी त्याचा रंग जेमतेम सुकला असेल.

आत्यानं आपल्याकडे येणं सोडलं. गोष्ट पसरायची तशी पसरली. पुढची दोन-तीन स्थळं दाराशी न येताच परत गेली, मग यायचीच बंद झाली. आईनं माझ्यासाठी जमवलेली भांडी भावाच्या लग्नात वापरली. आणि मी कामाला जात राहिले, आणि आपण दर ऋतूला तिथे जात राहिलो. ते दिवस मला इतके लख्ख आठवतात की राग यायचा तेव्हाही त्यांच्यावर येत नाही. आश्विनात तुमचा दम लागायला लागला तेव्हा कॅमेरा माझ्या पाठीवर आला. पुष्यात तुम्ही धुक्यात बसून नुसता वास घ्यायचात. एकदा येलहंक्याकडून उडालेलं लष्करी विमान दरीवरून गेलं, तर तुम्ही मुठीनं त्याला दम दिलात आणि मग आपण दोघं हसत सुटलो. त्या हसण्याच्या धीरावर मी परतीच्या बसमध्ये विचारलं. सरळ विचारलं, ‘अण्णा, पडदा मुद्दाम ठेवला होतात का?’ तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. तिकडेच बघत म्हणालात, ‘समोर जे होतं ते फोटोत आलं.’ मी म्हणाले, ‘हे उत्तर नव्हे.’ तुम्ही म्हणालात, ‘सरी. मग राहू दे.’ आणि डोळे मिटलेत. झोपला नव्हतात; झोपल्यावर तुमचं तोंड उघडं राहायचं.

पुढच्या आश्विनाआधी तुम्ही गेलात. राहू द्यायचंच होतं ते.

मी वर चढत गेले, माझ्या हाताखाली चाळीस मुली होत्या, त्या मला टरकून असत, आणि निवृत्त व्हायच्या आधी जयनगरात मी माझं घर घेतलं. लोक म्हणत, बापानं पोरीचं वाटोळं केलं. मग काळ बदलला आणि तेच लोक म्हणायला लागले, केवढ्या पुढच्या विचारांचा माणूस, मुलीची नोकरी वाचवली. दोन्ही वेळा मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. वाटोळं काय आणि वाचवणं काय, दोन्हीत माझं मत कुणी धरलेलंच नाही. आणि कधी कधी, विशेषतः हल्ली, मला तिसरंच वाटतं. लग्न मोडायचं तुमच्या मनातही नसेल. मी म्हणाले होते मला हाच आवडतो, म्हणून तुम्ही तोच मागे लावलात, घर सोडून जाणाऱ्या मुलीला दुसरं काय द्यायचं ते न सुचून. हुबळीची म्हातारी काय म्हणेल हे तुमच्या डोक्यातही आलं नसेल. तुम्ही असे होतात. तसं असेल तर मग मी इतकी वर्षं कुणावर चिडून आहे?

मागच्या वैशाखात भावाची नात मला तिच्या गाडीतून तिथे घेऊन गेली. तो फोटो माझ्या हॉलमध्ये लावलेला असतो, तिनं तो लहानपणापासून पाहिलेला. निम्म्या पायऱ्या उतरून मी टेकले. ती कठड्याला रेलून म्हणाली, ‘आजी, इथे तर काहीच नाहीये.’ मग थोड्या वेळानं, ‘पणजोबांनी खरंच मुद्दाम केलं होतं?’

मी म्हणाले, ‘हो.’

‘तुला विचारून?’

‘त्यांना माहीत होतं,’ मी म्हणाले. तिला ते फार आवडलं. तिनं घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं.

मला काहीही माहीत नाही, अण्णा. मला एवढंच माहीत आहे की त्या सकाळी तुम्ही त्या दगडावर ‘का?’ विचारण्याऐवजी ‘जातेस का हुबळीला?’ असं विचारलं असतंत तर मी हो म्हणाले असते. त्याचा फोटो मी देवापुढून रोज उचलून बघत होते. आई भाजीला गेली की. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि तो माणूस पुढे कसा निघाला, कुणाचा झाला, हेही मी कधी कळू दिलं नाही मला. तुम्ही विचारायला हवं होतंत. तुम्ही मला बोलायला शिकवणाऱ्या शाळेत घातलंत आणि जिथे बोलायचं होतं तिथे मला पाठमोरी उभी केलीत.

हा कागद घडी करून मी आता फाडून टाकेन, घरात सगळ्यांना माझे खण उपसायची सवय आहे. फाडायच्या आधी एक सांगते. माझा तुमच्यावरचा राग केव्हाच विझला आहे. आईसुद्धा गेली त्या सुमाराला कधीतरी विझला, माझ्या लक्षातही आलं नाही. मी तो फुंकर घालून घालून ठेवते. तो गेला तर तुमच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं निमित्त नाही.